लंडनहून एकच दिवस हातात आहे, आईबाबांना केंब्रिज दाखवू की ऑक्सफर्ड?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, मी नाशिकची, घर कॉलेज रोडला, गेलं दीड वर्ष नोकरीसाठी लंडनला आहे. आईबाबा पहिल्यांदाच इकडे येतायत, दसरा झाला की निघणार आणि दिवाळीच्या आत परत, कारण आईचं म्हणणं फराळ घरचाच झाला पाहिजे. लंडनमधलं सगळं मी बघून घेईन, प्रश्न फक्त एका दिवसाचा आहे. मला मधे एक बुधवार सुट्टी मिळतेय आणि त्या दिवशी त्यांना युनिव्हर्सिटीचं एखादं गाव दाखवायचंय.

का, तर बाबांसाठी. बाबा देवळाली कॅम्पात वाढले, पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि आमच्या घरात 'रँग्लर' हा शब्द मी पाढ्यांच्या आधी ऐकलाय. गणितात पैकीच्या पैकी पडले की बाबा दारातच "या रँग्लर, या" म्हणायचे. तो शब्द केंब्रिजचा, तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्यामुळे मनातून केंब्रिजच आहे, पण ऑफिसात सगळे सांगतात ऑक्सफर्ड जास्त सुंदर, गाव मोठं, बघण्यासारखं जास्त. एका टूर कंपनीची बस तर एका दिवसात दोन्ही दाखवते म्हणतात, ते खरंच होतं का?

आईचं सांगते. ती जिल्हा कोर्टात क्लार्क होती, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाली. गुडघे दुखतात, सपाटीवर चालते पण जिने आणि खालून उठणं त्रासाचं. शिवाय ती अंडंसुद्धा खात नाही. आणि एक, कॉलेजच्या आत जाऊ देतात का, की गेटवरून फोटो काढून परत? बाबांना नुसत्या भिंती दाखवून आणायचं नाहीये. ज्यांनी आईवडिलांना नेलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

द्राक्षबाग

ताई, मी पिंपळगाव बसवंतचा, केंब्रिजला एक वर्ष मास्टर्स केलंय, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकणार हे धरूनच वाचा.

पहिलं म्हणजे दोन्ही गावं एका दिवसात अजिबात करू नका. माझ्या मामामामींनी तसली बस घेतली होती, दिवसातले निम्मे तास हायवेवर गेले, मामी म्हणाली मला दोन्ही गावांतले फक्त पार्किंग आठवतात. ही गावं पायी फिरायची, थांबत थांबत, बाकावर बसून.

जायचं असं: किंग्ज क्रॉसहून जलद गाडी पकडा, पंचेचाळीस-पन्नास मिनिटांत केंब्रिज. लिव्हरपूल स्ट्रीटहूनही गाड्या आहेत पण त्यांना सव्वा तासाच्या आसपास लागतो. किंग्ज क्रॉसच्या गाड्यांवर पुष्कळदा किंग्ज लिन लिहिलेलं असतं, घाबरू नका, ती केंब्रिजवरूनच पुढे जाते. सकाळी साडेनऊनंतर निघालात तर ऑफ-पीक डे रिटर्न (गर्दीची वेळ सोडून, त्याच दिवशी जाऊन-येऊन करायचं तिकीट) स्वस्त पडतं, आणि तुम्ही तिघं आहात म्हणजे तिकीट काढताना ग्रुपसेव्ह मागा, तीन ते नऊ जण एकत्र असले की ऑफ-पीक तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते, त्याला कसलंच कार्ड लागत नाही. हे मला वर्षभर राहून शेवटच्या महिन्यात कळलं. आणि उतरताना केंब्रिज नॉर्थला उतरू नका, ते वेगळं स्टेशन आहे.

स्टेशन गावापासून लांब आहे, चालत वीस-पंचवीस मिनिटं. काकूंचे गुडघे बघता तिथे चालण्यात ताकद घालवू नका, बस किंवा टॅक्सीने थेट गावाच्या मधल्या किंग्ज परेड रस्त्यापर्यंत जा आणि जी काय ताकद आहे ती तिथे खर्च करा.

आता कॉलेजांचं. लोकांना वाटतं केंब्रिज युनिव्हर्सिटी म्हणजे एक गेट, एक कॅम्पस, आपल्या पुणे विद्यापीठासारखं. तसं नाहीये. ३१ कॉलेजं आहेत, प्रत्येकाचं गेट वेगळं, नियम वेगळे, तिकीट वेगळं, आणि सगळी मिळून गावभर पसरलीत. सगळ्यात जुनं पीटरहाऊस, १२८४ चं. युनिव्हर्सिटी त्याच्याही आधीची, १२०९ ची, ऑक्सफर्डला गावकऱ्यांशी भांडण पेटलं तेव्हा तिथून निघालेले काही विद्वान इकडे येऊन बसले, तिथून सुरुवात. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांमुळे बरीच कॉलेजं बाहेरच्यांना बंद असतात, तुमचा ऑक्टोबर आहे म्हणजे तो प्रश्न नाही, तरी आदल्या रात्री त्या त्या कॉलेजची वेबसाइट बघाच, कधी समारंभ असला की अचानक बंद ठेवतात.

आत जायला पैसे एकाच ठिकाणी घाला, किंग्ज कॉलेजच्या चॅपलला. १४४६ ला सहाव्या हेन्री राजाने काम काढलं, मधे गादीसाठी लढाया झाल्या, पैसे संपले, राजे बदलले, १५१५ ला बांधकाम पुरं झालं. छत दगडाचं आहे, पण वर बघितलं की दगड वाटत नाही, पंखे उलगडून एकाला एक लावावेत तसं दिसतं, आणि या प्रकारचं एवढं मोठं छत जगात दुसरं नाही. खिडक्यांच्या रंगीत काचा बहुतेक सोळाव्या शतकातल्याच आहेत. आत खुर्च्या आहेत, काकूंना तिथे अर्धा तास निवांत बसवा. संध्याकाळी थांबणार असाल तर टर्म चालू असताना तिथे गाण्याची प्रार्थना असते, तिला तिकीट नसतं, कोणत्या दिवशी आहे ते वेबसाइटवर असतं.

दुसरं म्हणजे ट्रिनिटी कॉलेजची रेन लायब्ररी. क्रिस्टोफर रेनने बांधलेली, १६९५ ला पूर्ण झाली. बाहेरच्यांना ठरावीक वेळ असतो, दुपारी साधारण बारा ते दोन, तोही बघून घ्या. तिथे न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाची त्याची स्वतःची पहिल्या आवृत्तीची प्रत आहे, त्याच्या हाताने दुरुस्त्या केलेली. रामानुजनची 'हरवलेली वही' पण याच लायब्ररीतल्या कागदपत्रांत १९७६ ला सापडली. काचेच्या पेट्यांत काय मांडतात ते बदलत असतं, वही दिसेलच असं धरून जाऊ नका. पण गणिताच्या मास्तरांना न्यूटनचं हस्ताक्षर दिसलं तरी दिवस सार्थकी लागला समजा.

तांबट_लेन

मी जरा ऑक्सफर्डची बाजू मांडतो, कारण इथे सगळे केंब्रिजवालेच दिसतायत आणि ताईंच्या आई कोर्टात होत्या हे वाचून मला राहवेना.

कॉर्नेलिया सोराबजी हे नाव किती नाशिककरांना माहिती आहे? जन्म नाशिकचा, १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकून १८८९ ला ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात गेली आणि तिथे कायदा शिकणारी पहिली बाई ठरली. १८९२ ला कायद्याच्या परीक्षेला बसली, त्यासाठीसुद्धा खास परवानगी काढावी लागली. परीक्षा पास झाली पण डिग्री दिली नाही, कारण बायकांना डिग्री द्यायचीच नाही असा नियम. ऑक्सफर्डने तो १९२० ला बदलला आणि कॉर्नेलियाला तिची डिग्री मिळाली १९२२ ला, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. (केंब्रिजने तर बायकांना डिग्री द्यायला १९४८ उजाडवलं, हे केंब्रिजवाल्यांनी लक्षात ठेवावं.) मधल्या काळात ती भारतात परत येऊन पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटीची कामं बघत होती, ज्या पुरुष वकिलासमोर येऊच शकत नव्हत्या त्यांची. आपल्या गावात जन्मलेली ही बाई, आणि आपल्याकडे तिची आठवण कुठे आहे सांगा.

गाव म्हणूनही ऑक्सफर्ड भारी आहे. पॅडिंग्टनहून तासाभराची गाडी. रॅडक्लिफ कॅमेरा नावाच्या इमारतीचा गोल घुमट, बॉडलियन लायब्ररी, आणि ॲशमोलियन म्युझियम, १६८३ ला सुरू झालेलं, फुकट, लिफ्ट आहे, बसायला जागा आहे. ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटची इमारत आहे, तिच्या डोक्यावर वारा दाखवायला कोंबड्याऐवजी हत्ती बसवलाय. तिच्या कोनशिलेवर देवनागरीत संस्कृत लिहिलंय. परक्या मुलखात आपली अक्षरं दगडात बघून काय होतं ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

बाबांसाठी केंब्रिज, आईसाठी ऑक्सफर्ड असं माझं स्पष्ट मत. एकच दिवस असेल तर घरात बसून ठरवा, पण आईंना हे वाचून दाखवा.

सिन्नरची_काकू

बाळा, मी आई म्हणून लिहिते. माझा मुलगा मला मागच्या वर्षी केंब्रिजला घेऊन गेला, माझे पण दोन्ही गुडघे गेलेले आहेत, म्हणून जे जे नडलं ते सांगते.

होडीचं आधी. तिथे ती सपाट तळाची लांब होडी असते, पंट म्हणतात, मागे फळीवर एक पोरगा उभा राहतो आणि लांब काठी नदीच्या तळाला रोवून होडी ढकलतो. फिरायला फार छान, पाऊण तासात सगळ्या मोठ्या कॉलेजांची मागची बाजू दिसते, पुलांखालून जाते. पण बैठक फार खाली असते गं, जवळजवळ मांडी घालून बसल्यासारखी, उठताना मला दोघांनी दोन्ही हातांनी ओढून काढलं आणि होडी हलत होती. आईला न्यायचं असेल तर तिकीट काढायच्या आधी धक्क्यावर जाऊन होडी डोळ्यांनी बघा, चढायला पायरी कशी आहे ते विचारा, मग पैसे द्या. रस्त्यात तिकीट विकणारी पोरं मागे लागतात, त्यांच्याकडे घाईने काढू नका. होडीत नाही बसलात तरी काही बिघडत नाही, सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावर उभं राहिलं की तो लाकडी मॅथेमॅटिकल ब्रिज फुकट दिसतो आणि होड्याही दिसतात.

रस्ते सपाट आहेत, चढ नाहीत, ते फार बरं वाटलं. पण कॉलेजांच्या आत आणि जुन्या गल्ल्यांत गोटे बसवलेत, आपल्या सरकारवाड्याच्या आसपास कसं पूर्वी होतं तसं, त्यावर पाऊल मुरगळतं. चांगले बूट घाल म्हणावं, चप्पल नको. सेंट मेरी चर्चचा मनोरा १२३ पायऱ्यांचा आहे, तिथे तू आणि बाबा जा, आईला खाली मार्केटात बसव, समोरच आहे.

खाण्याचं म्हणशील तर मार्केट चौकात फलाफलची गाडी असते. तिथला प्रसिद्ध चेल्सी बन आहे फिट्झबिलीजचा, पण आई अंडं खात नाही तर विचारल्याशिवाय घेऊ नको. मी आपली पोळी, बटाट्याची सुकी भाजी आणि चिवडा घेऊन गेले होते, नदीकाठच्या बाकावर बसून खाल्लं, कोणी काही म्हणत नाही. बाथरूम ग्रँड आर्केड मॉलमध्ये आणि फिट्झविल्यम म्युझियममध्ये चांगली आहेत. म्युझियम फुकट आहे, सोमवारी बंद असतं, तुमचा बुधवार आहे म्हणजे चालेल. वारा फार असतो, कानटोपी घ्या.

गोदाकाठची

काकू, किती बारीक बारीक लिहिलंत, थँक्यू. तांबट लेनवाले दादा, तुमचं वाचून मी आईला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं, ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली तीस वर्षं? पण निर्णय तिनेच दिला, या वेळी बाबांचं गाव.

आता एकच विचारते. रँग्लरांचं नेमकं ठिकाण कोणतं, म्हणजे रँग्लर परांजप्यांचा निकाल जिथे लागला ती जागा अजून आहे का आणि बघता येते का?

भगूर_रोड

आहे, जशीच्या तशी आहे. सेनेट हाऊस. किंग्ज कॉलेजला लागूनच, पांढऱ्या दगडाची खांबांची इमारत, १७३० ला झालेली. आत सोडत नाहीत, पण लोखंडी कठड्यातून सगळी दिसते आणि पुढची हिरवळही दिसते.

रँग्लर म्हणजे गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात आलेला. पूर्वी त्यांचा क्रम लावायचे आणि निकाल सेनेट हाऊसमध्ये वाचून दाखवायचे, पहिला येणारा सीनियर रँग्लर. क्रम लावायची पद्धत १९०९ नंतर बंद झाली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, दापोलीजवळच्या मुर्डी गावचा मुलगा, सेंट जॉन्स कॉलेजात होते, १८९९ ला सीनियर रँग्लर झाले, दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर बरोबरीने. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. आणि तिथेच न राहता परत येऊन फर्ग्युसनला शिकवायला लागले, पुढे प्रिन्सिपल झाले.

आता तुमच्या बाबांना माहिती असणारच, पण इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो. आपल्या देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ गणित शिकवणारे द. रा. कापरेकर, ते फर्ग्युसनचेच विद्यार्थी, आणि १९२७ ला त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी जे बक्षीस मिळालं ते रँग्लर परांजपे यांच्याच नावाचं. म्हणजे सेनेट हाऊसपासून निघालेला धागा देवळाली कॅम्पात येऊन पोचतो. कापरेकर मास्तरांनी परदेशी डिग्री घेतली नाही, पीएचडी केली नाही, शाळेतली नोकरी सांभाळून आकड्यांशी खेळत राहिले आणि आज त्यांचा ६१७४ हा स्थिरांक जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आहे.

तिथे गेलात की आणखी दोन नावं आठवा. नारळीकर बापलेक दोघंही केंब्रिजचे रँग्लर, आधी विष्णु वासुदेव आणि मग जयंतराव, जयंतराव पुढे किंग्ज कॉलेजचे फेलो होते. आणि चिंतामणराव देशमुख जीझस कॉलेजचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मराठी माणसाने केंब्रिजला जाऊन नुसते फोटो काढून येऊ नये.

गोदाकाठची

मंडळी, जाऊन आलो. आईबाबा परवा नाशिकला पोचले, आता निवांत लिहिते, लांबलंय, सांभाळून घ्या.

सकाळी पावणेदहाच्या सुमाराची गाडी घेतली, ग्रुपसेव्हने तिघांचं तिकीट बरंच खाली आलं, द्राक्षबागदादा तुमचे आभार. गाडी अर्धा तास लेट सुटली, बाबांना त्याचं काही नव्हतं, खिडकीतून शेतं बघत बसले, एवढी सपाट जमीन आणि एक डोंगर नाही म्हणून. पांडवलेणी नाही, चामरलेणी नाही, दिशा कशी कळते यांना, असं विचारत होते. मी त्यांना युनिव्हर्सिटी १२०९ ची आहे हे सांगितलं तर खिशातून पेन काढलं आणि तिकिटाच्या पावतीच्या मागे लिहायला लागले. १२०९ चे आकडे उतरत्या क्रमाने ९२१०, चढत्या क्रमाने ०१२९, वजाबाकी ९०८१. मग ९८१० वजा ०१८९, ९६२१. मग ९६२१ वजा १२६९, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८. आणि उत्तर न लिहिता पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं ६१७४. आठवीत त्यांनी हेच मला आमच्या ओट्यावर करायला लावलं होतं, चारही आकडे सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घे, जास्तीत जास्त सात वेळा कर, कापरेकर मास्तरांपाशी येऊन थांबतेस. समोर एक इंग्रज आजी बसल्या होत्या, त्यांनी काय चाललंय विचारलं, तर बाबांनी त्यांच्या जन्मसालावर करून दाखवलं, त्यांनी तो कागद मागून घेतला. बाबा त्यांना स्टेशन येईपर्यंत देवळाली कुठे आहे ते समजावत होते.

टॅक्सीने किंग्ज परेडला उतरलो. चॅपलमध्ये आई वर बघून म्हणाली, हे दगड कोरून वर चढवले की वर चढवून कोरले? मला उत्तर देता आलं नाही. ती तिथे पाऊण तास बसली. काळारामाच्या सभामंडपात बसते तशीच, पाय लांब करून, हात मांडीवर. म्हणाली देऊळ कोणाचंही असो, बांधणाऱ्यांनी जीव ओतलेला कळतो. सत्तर वर्षं काम चाललं म्हणजे ज्यांनी पाया घातला त्यांनी छत बघितलंच नाही, हे तिने मला दोनदा म्हणून दाखवलं.

तिथून सेनेट हाऊस पाच मिनिटांवरही नाही. बाबा कठड्याला धरून उभे राहिले. मी फोटो काढू का विचारलं तर थांब म्हणाले. मग टोपी काढली. भगूर रोडवाले काका, तुम्ही लिहिलेलं मी त्यांना आदल्या रात्री वाचून दाखवलं होतं, ते तिथे उभं राहून मला नव्याने सांगत होते, जसं काही मी वर्गात बसलेय. मुर्डीचा मुलगा, तेव्हा बोटीने आला असेल, त्या हिरवळीवर उभा असेल, आत नाव पुकारलं असेल. मग म्हणाले, मी ज्या मुलांना दारात रँग्लर म्हणायचो त्यातलं कोणी इथे आलं नाही, पण तुझ्यामुळे मी आलो. मला पुढे काही सुचेना, मी त्यांची पिशवी धरली.

रेन लायब्ररी दुपारी उघडी मिळाली. आत जिना आहे, आई चढली, मधे दोनदा थांबून. काळ्यापांढऱ्या फरश्या, उंच कपाटं, आणि काचेखाली न्यूटनचं पुस्तक. छापलेल्या ओळी खोडून बाजूला बारीक अक्षरात शाईने लिहिलंय. बाबा वाकून बघत होते, म्हणाले, बघ, एवढा मोठा माणूस पण छापून आल्यावर परत तपासतोय. आयुष्यभर पोरांना पेपर सोडवून झाल्यावर पुन्हा तपासा म्हणून सांगितलेला माणूस आहे तो, त्यांना त्यात बाकी काही दिसणारच नव्हतं. रामानुजनची वही मांडलेली नव्हती, पण ती याच इमारतीत आहे एवढं त्यांना पुरलं. आईने मात्र रामानुजनचं वेगळंच विचारलं, १९१४ ला शाकाहारी मुलगा इथे येऊन जेवायचा काय? तो खोलीतच स्वतः स्वयंपाक करायचा आणि युद्धाच्या काळात त्याचे जेवणाचे फार हाल झाले, तब्येत इथेच ढासळली, हे मी सांगितलं. ट्रिनिटीच्या मोठ्या गेटसमोर रस्त्यापलीकडे ह्यूएल्स कोर्ट आहे, तो तिथे राहायचा. आई त्या दाराकडे बघत म्हणाली, बत्तिसाव्या वर्षी गेला ना गं तो. गेटबाहेरच्या हिरवळीवर न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडाच्या वंशातलं झाड आहे, लहानसंच आहे, तिने त्याचा फोटो काढायला लावला आणि तो एकच फोटो तिने मावशीला पाठवला.

होडीत बसलो नाही. काकू, तुम्ही सांगितलं तसं धक्क्यावर जाऊन बघितलं, आईने नको म्हटलं. सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावर उभे राहिलो, ती नदी बघून म्हणाली, अगं ही तर आपल्या गंगापूरच्या पाटाएवढी, पण काठ बघ किती स्वच्छ ठेवलाय, एक कागद नाही, निर्माल्य नाही. रामकुंडाची आठवण आम्हा तिघांनाही झाली, कोणी बोललं नाही. मॅथेमॅटिकल ब्रिजबद्दल तिथे एक गाइड सांगत होता की न्यूटनने बांधला असं लोक म्हणतात, बाबांनी लगेच मला सांगितलं पूल १७४९ चा आणि न्यूटन १७२७ ला गेला. काठावरच्या बाकावर डबा उघडला, मेथीच्या पोळ्या, लसणाची चटणी आणि नाशिकहून आणलेला चिवडा. बाजूला दोन विद्यार्थी बसले होते, आईने न विचारता त्यांच्या हातावर चिवडा ठेवला.

एक चुकलं ते लिहिते म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. फिट्झविल्यम म्युझियम शेवटी ठेवलं आणि पोचलो तेव्हा बंद व्हायला अर्धा तास उरला होता, घाईघाईत बघावं लागलं. ते दुपारी ठेवा, पाऊस आला तरी तिथे बसता येतं. आणि कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचं ते सोन्याचं घड्याळ, काटे नसलेलं, वर नाकतोडा बसून वेळ खातो ते, संध्याकाळी बघा, दिवे लागल्यावर जास्त छान दिसतं. ते २००८ चं आहे, स्टीफन हॉकिंगच्या हस्ते उद्घाटन झालेलं. बाबांना ते आवडलं नाही, वेळ नीट वाचता येत नाही म्हणाले. त्याच्या शेजारच्या गल्लीत ईगल नावाचा पब आहे, १९५३ ला डीएनएची रचना शोधणाऱ्या फ्रान्सिस क्रिकने जीवनाचं रहस्य सापडलं म्हणून जिथे सांगितलं तो, तिथे आम्ही तिघांनी गरम चॉकलेट घेतलं.

परतीच्या गाडीत बाबा झोपले. आई जागी होती, अंधारात काहीच दिसत नव्हतं तरी खिडकीकडे बघत होती, आणि स्टीव्हनेज गेल्यावर एकदम म्हणाली, ती आपल्या नाशिकची वकीलबाई, तिला डिग्री मिळाली तेव्हा तिचं वय किती होतं? मी हिशोब करून सांगितलं, छप्पन्न धर. आई म्हणाली मी अठ्ठावन्नाला रिटायर झाले. मग किंग्ज क्रॉसपर्यंत बोलली नाही.

तांबट लेनवाले दादा, आता तुम्हाला विचारते. आईबाबा पुढच्या वर्षी परत येतायत आणि ऑक्सफर्डचं आईने आत्ताच नक्की केलंय. सॉमरव्हिल कॉलेजात बाहेरच्यांना आत सोडतात का, आणि कॉर्नेलियाचा फोटो किंवा पाटी असं काही तिथे आहे का बघायला? कोणी आत जाऊन आलं असेल तर सांगा.